उगवतीकडच्या शेजाऱ्याचे जंगल

जगातली सर्व मोठी सामूहिक कामे दोन गोष्टींवर उभी असतात. पहिली, माणसांचा एकमेकांवरचा विश्वास. आणि दुसरी, तो नसणे. पहिलीवर भरपूर पुस्तके उपलब्ध आहेत. (मी एका साखर कारखान्याच्या वाचनालयात बत्तीस वर्षे नोकरी केली. ही पुस्तके कोणत्या कपाटात असतात आणि ती कोणी कसे नेत नाही, हे मला ठाऊक आहे.) दुसरीवर मात्र स्वतंत्र ग्रंथ माझ्या पाहण्यात आलेला नाही. ही उणीव थोडीफार भरून निघावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे. ती माझ्या हातून भरून निघेल असे मला वाटत नाही. पण समितीचा सचिव मी आहे, आणि बाकीच्यांना लिहायला वेळ नाही. ते पहाऱ्यावर असतात.

समितीचे पूर्ण नाव ‘म्हसोबा बरड सामूहिक खाजगी वनक्षेत्र नियोजन व संवर्धन समिती, हिवरदरा, तालुका पाथर्डी’ असे आहे. नावातच कागदाची पहिली दोन बोटे जातात, त्यामुळे आमची पत्रे मुद्देसूद असतात.

म्हसोबाची बरड म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला असलेली एकोणतीस एकरांची टेकडी. तीन पिढ्यांपूर्वी ती एकाच माणसाची होती. त्याला चार मुलगे झाले, त्या मुलांना मुलगे झाले आणि वाटण्या होत गेल्या. आमच्याकडे वाटणी न्यायाने होते. माथ्यावर नुसता खडक, मधे मुरूम आणि पायथ्याला थोडी माती. तेव्हा एका भावाला माथा आणि दुसऱ्याला पायथा देणे हा अन्याय झाला असता. म्हणून दर वाटणीला टेकडी वरून खाली अशी उभी चिरण्यात आली. प्रत्येकाला थोडा खडक, थोडा मुरूम, थोडी माती. आज तिचे सत्तेचाळीस मालक आणि सत्तेचाळीस पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टी नऊशे फूट लांब आणि सरासरी तीस फूट रुंद. सर्वांत अरुंद पट्टी सात फुटांची आहे. तिच्यात गाय आडवी उभी राहिली आणि तिने मान लांब केली, तर ती एका चुलत्याच्या हद्दीत चरते आणि दुसऱ्या चुलत्याच्या हद्दीत शेण टाकते. (या शेणाबाबतचा निर्णय प्रलंबित आहे.)

अशा या बरडीवर चार वर्षांपूर्वी मोजून त्रेसष्ट झाडे होती. त्यातली बरीच बांधावर असल्याने, फांदी तोडायच्या दिवशी एका झाडाला दोन मालक असत आणि पाणी घालायच्या दिवशी एकही नसे.

त्या वर्षी एका संस्थेतर्फे धनश्री नावाच्या ताई गावात आल्या. त्यांनी मारुतीच्या पारावर नकाशा पसरला आणि समजावून सांगितले, की एकट्याने तीस फुटांत जंगल उभे राहत नाही. पाणी, माती आणि पाखरे हद्द बघत नाहीत. म्हणून सर्व मालकांनी मिळून एकच आराखडा करावा.

“पाखरं बघत नसतील ताई,” गहिनीनाथ म्हणाला, “पर आमी बघतो की.”

गहिनीनाथ हा पट्टी क्रमांक बावीसचा मालक. शेजारची तेवीस नंबरची पट्टी काकासाहेबाची. दोघे सख्खे चुलतभाऊ आणि मधल्या बांधावरून एकोणीस वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. एकोणीस वर्षांत बांध दोनदा सरकला. पुढे, आणि मग परत मागे. म्हणजे नुकसान कोणाचेच झाले नव्हते. पण तो मुद्दा नव्हता.

धनश्रीताईंनी प्रत्येक मालकाला एक अर्ज दिला. शीर्षक होते: ‘मी माझ्या पट्टीत काय करणार’. पंधरा दिवसांनी अर्ज परत आले. चौदा जणांनी ‘शेजारी करील तसे’ असे लिहिले होते. अकरा अर्ज कोरे होते. नऊ जण विचार करून सांगणार होते. सात जणांनी ‘आधी बांध मोजा’ असे लाल शाईने लिहिले. पाच जणांनी खाली फक्त सही केली, ती मात्र फार ठसठशीत. राहिला एक अर्ज झुंबरबाईंचा. त्यांनी तो माझ्याकडून भरून घेतला. त्यात दोनच शब्द होते: ‘पाणी पाहिजे.’ सत्तेचाळीस अर्जांत विषयाला धरून आलेले हे एकच उत्तर होते. पण अर्जात पाण्याचा रकाना नसल्यामुळे मी ते ‘इतर’मध्ये नोंदवले.

झुंबरबाईंची पट्टी सर्वांत शेवटची, उगवतीच्या टोकाची. तिच्या पायथ्याला त्यांची विहीर आहे, आणि सगळ्या बरडीचे पाणी जिरून जिरून शेवटी तिथे येते. अर्थात जिरले तर. तेव्हा जिरत नव्हते. दिवाळीलाच विहीर तळाला जायची. मग त्यांचा मुलगा बिभीषण आणि सून आरती कोयते घेऊन कोपरगावच्या बाजूला ऊस तोडायला जायची, ती थेट चैत्रात परत यायची. नात निकिता कधी आजीजवळ राहायची, कधी आईबापांबरोबर फडात. त्यामुळे तिची पहिली दोनदा झाली आणि दोन्ही वेळा अर्धीच झाली. झुंबरबाईंना जंगलाचे काही पडले नव्हते. त्यांना विहिरीत माघापर्यंत पाणी हवे होते, म्हणजे घरातली माणसे घरात राहिली असती.

अर्जांचा निकाल पाहून धनश्रीताईंनी पुन्हा बैठक बोलावली. त्या दमलेल्या दिसत होत्या.

“गहिनीनाथकाका, तुम्हीच सुरुवात करा. तुमच्या पट्टीत काय करू या?”

“माझ्या पट्टीचं ऱ्हाऊ द्या. ह्या आमच्या शेजाऱ्याच्या पट्टीत काय करायचं, ते सांगतो मी. आण्णा, ल्याहा.” आण्णा म्हणजे मी. “वरल्या अंगाला आडवे चर मारायचे. दोन फूट खोल, दीड न्हाई, दोन. शेळ्या एकदम बंद. आन् कडंनं खैर लावा. काटा आसला म्हंजी मालकालाच आत शिरता यायचं न्हाई.”

काकासाहेब धनश्रीताईंकडे वळून म्हणाला, “ताई, त्यांना म्हनावं, आमाला बी डोळे हायेत. आमी आमच्या पलीकडल्याचं सांगतो. चोविसात सीताफळ लावा, आन् त्याच्या मालकाची कुऱ्हाड पंचायतीत जमा करा.”

चोवीसवाला उठून उभा राहिला. तो भांडायला उठला असे मला वाटले, पण तो पंचविसाबद्दल सांगायला उठला होता.

पुढे दोन तासांत सत्तेचाळीस पट्ट्यांचा आराखडा तयार झाला. मी फक्त लिहीत गेलो. हे चुकीचे होत आहे, असे सांगण्यासाठी मी दोनदा घसा खाकरला. लोकांना वाटले मला पाणी हवे आहे, आणि त्यांनी ते दिले. सर्वांनी आपापल्या उगवतीकडच्या शेजाऱ्याचे नियोजन केले. झुंबरबाईंच्या उगवतीला फक्त ओढा असल्याने त्यांच्यासाठी पहिली पट्टी शिल्लक राहिली. पहिली पट्टी माझी आहे.

धनश्रीताईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी आराखडा वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, “आण्णा, हा चांगला झालाय हो.” त्यांनी नंतर तो शहरातल्या तज्ज्ञांना दाखवला; त्यांनी फक्त एका ठिकाणी करंजाऐवजी शिवण सुचवली. यात आश्चर्य काही नाही. स्वतःच्या जमिनीकडे माणूस पाहतो तेव्हा त्याला अडचणी दिसतात. शेजाऱ्याच्या जमिनीकडे पाहतो तेव्हा त्याला शास्त्र दिसते.

ज्याने आराखडा सांगितला, त्यानेच त्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवावे, असे ठरले. अशा रीतीने बरडीला सत्तेचाळीस राखणदार मिळाले. कोणालाही नेमावे लागले नाही, आणि एकानेही आजतागायत रजा घेतलेली नाही. चराचा खड्डा दोन फूट ठरला असेल, तर राखणदार टेप घेऊन हजर असे. पावणेदोन फूट भरला तर तो काही बोलत नसे. नुसता उभा राहून आकाशाकडे बघे. तीन हजार रोपे आली. प्रत्येक मालकाने आपल्या रोपांना पाणी घातले, कारण न घातल्यास कोणाला आनंद होईल, हे त्याला नेमके माहीत होते.

नियमावली माझी आहे. कलम पाच: चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मोडल्याची तक्रार राखणदाराने सचिवाकडे करावी. कलम सहा: तक्रारीची चौकशी चालू असेपर्यंत तक्रारदाराचे नाव गुप्त राहील. शिक्षा म्हणून पाच रोपांना आठवडाभर पाणी. तक्रारींसाठी मी दोनशे पानी वही घेतली. मला वाटले, ती माझ्या हयातीत भरायची नाही. ती संक्रांतीला भरली.

नमुन्यादाखल काही नोंदी देतो. ‘क्र. ९. पट्टी सतराच्या मालकाने बोरीची फांदी वाकवली. मोडली नाही, पण मनात होते.’ ‘क्र. ३१. पट्टी पस्तीसची शेळी हद्दीबाहेर उभी राहून आत बघत होती.’ ‘क्र. ३२. तीच शेळी. पुन्हा.’ ‘क्र. ४४. सचिवांनी दात घासण्यासाठी लिंबाची काडी तोडली. लांबी एक वीत.’ ही शेवटची तक्रार झुंबरबाईंची. त्यांनी ती माझ्या समोर बसून सांगितली आणि मी ती माझ्याच अक्षरात लिहिली. काडी वीतभर नव्हती, करंगळीएवढी होती. पण स्वतःच्या बाबतीत दुरुस्ती करणे मला प्रशस्त वाटले नाही. मी पाच रोपांना आठवडाभर पाणी घातले. पाचही जगली.

तीन वर्षांचा हिशेब असा. एकूण तक्रारी पाचशे पस्तीस. जगलेली रोपे दोन हजार एकशे चाळीस. म्हणजे दर तक्रारीमागे बरोबर चार झाडे. इतके चोख प्रमाण मला इतर कुठल्याही योजनेत आढळले नाही. भांडणाची ही उत्पादकता वाढवायला बराच वाव आहे, कारण बरडीवरचे काही लोक स्वभावाने शांत आहेत.

पहिल्या वर्षी झुंबरबाईंच्या विहिरीचे पाणी दिवाळीनंतर पंधरा दिवस टिकले. दुसऱ्या वर्षी पौषापर्यंत. तिसऱ्या वर्षी चैत्रातही विहिरीत तीन पुरुष खोल पाणी होते. त्या हंगामात ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी आली आणि बिभीषणला न घेता गेली. आरतीने पाऊण एकर कांदा केला. निकिताने तिसरीचे वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत एकाच शाळेत, एकाच बाकावर बसून काढले, याचे तिलाच नवल वाटत होते. झुंबरबाईंनी मात्र माझ्यावरची नजर ढळू दिली नाही. “माज्या हिरीचं पानी हाय त्ये आण्णा,” त्या म्हणायच्या, “तुमच्या काडीकाडीत.”

इथपर्यंत सर्व सुरळीत होते. मग आमचा सत्कार झाला.

एका मोठ्या शहरातल्या एका मंडळाने आमच्या समितीला ‘एकोपा सन्मान’ जाहीर केला. वैशाखात पाहुणे आले. त्यांना बरडीवर फिरवले. हिवर, बोरी, खैर पाहून त्यांचे डोळे पाणावले. पारावरच्या भाषणात मुख्य पाहुणे म्हणाले, की या गावाने परस्परविश्वासाचा आदर्श घालून दिला आहे. इथे मी-तू उरलेले नाही. गावाने असे शब्द स्वतःबद्दल कधी ऐकले नव्हते. लोक एकमेकांकडे चोरून बघू लागले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर सावरले. स्तुती फार वाईट असते. शिवी दिली तर माणूस आहे तसा राहतो; स्तुती केली की तो तसा व्हायला जातो.

गहिनीनाथ उठला, व्यासपीठावर गेला आणि त्याने काकासाहेबाला मिठी मारली. टाळ्या थांबेनात. (फोटोत मी नारळ धरून कडेला आहे. नारळ स्पष्ट आला आहे.)

“बांध तुझा,” गहिनीनाथ रडत म्हणाला.

“न्हाई, तुझा,” काकासाहेब म्हणाला.

शेवटी, तो दोघांचाही नको म्हणून, त्यांनी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून बांधच काढून टाकला. ट्रॅक्टर वर न्यायचा तर चर आडवे येत होते. ते समजुतीने बुजवले. माथ्यावर म्हसोबाला नैवेद्य न्यायला छान वाट झाली. तिचे नाव ‘एकोपा मार्ग’. ती पाहून इतरांनाही एकमेकांचे प्रेम आठवले. महिन्याभरात बरडीवर एकोणीस एकोपा मार्ग झाले. गहिनीनाथ आणि काकासाहेबाने मिळून घोडेगावच्या बाजारातून सहा शेळ्या आणल्या आणि त्या सामाईक असल्याने चराईबंदीत बसत नाहीत, असे ठरले. ज्याने तक्रार करायची, तोच दुधाच्या चहाला बोलावलेला असे. त्या तीन महिन्यांत माझ्याकडे तीन तक्रारी आल्या. त्यांपैकी दोन मागे घेण्यात आल्या आणि तिसरी झुंबरबाईंची, माझ्याविरुद्ध होती.

गावात त्या उन्हाळ्याइतके गोड वातावरण मी कधी पाहिले नाही. पाऊस चांगला झाला आणि एकोणीसही मार्गांनी धावत सरळ ओढ्याला जाऊन मिळाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झुंबरबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मी पुस्तक मिटले.

“आण्णा, हिरीचा तळ दिसतोय. पोळ्याला. आजून दसरा यायचाय.”

“हो,” मी म्हणालो.

“मुकादमाचा फोन आल्ता. दसऱ्याच्या चौथ्या दिशी गाडी येनार हाय. आरतीनं काल कोयते काढून धार बघितली. मला काय म्हनली न्हाई. पर बघितली.”

“निकिताची शाळा?”

“त्येच की. परत निम्मीच.” त्यांनी बरडीकडे हात केला. “ह्यो एकोपा कुनी आनला हो गावात?”

“एकोपा ही तशी चांगली गोष्ट आहे, झुंबरबाई.”

“व्हय, चांगली हाय. लगनाला चांगली, मयतीला चांगली. डोंगराला काय करायचीय? तुमी भांडनं लावा.”

“मला नाही जमायचं. मला भांडता येत नाही.”

“म्हनून तर तुमाला म्हनते. ज्याला भांडता येतं, त्याचं कोन खरं मानतंय? आन् तुमाला भांडा कोन म्हनतंय? वाचता तर येतंय ना?”

त्या उठून गेल्या. मी पुस्तक उघडले, पण त्या पानावर काय होते ते मला आजही सांगता येणार नाही.

समितीची वार्षिक सभा त्यानंतरच्या रविवारी होती. विषयपत्रिकेतला पहिला विषय ‘मागील कामाचा अहवाल वाचून कायम करणे’ हा असतो. एरवी मी तो अर्ध्या पानात आटोपतो आणि लोक त्या वेळात जागा धरतात. या वेळी मी तक्रारींची पहिली वही उघडली. कलम सहाप्रमाणे तक्रारदाराचे नाव चौकशी चालू असेपर्यंतच गुप्त राहायचे होते, आणि सर्व चौकश्या पूर्ण झालेल्या होत्या. (कलमाचा हा अर्थ तोवर कोणाच्या लक्षात आला नव्हता. ते लिहिताना माझ्याही आला नव्हता.)

आयुष्यभर मी मनातच वाचत आलो. पारावर, शंभर माणसांसमोर, मोठ्याने वाचण्याची माझी पहिलीच वेळ. मी वही गुडघ्यावर टेकवली.

“मोठ्यानं, आण्णा!” मागून कोणी तरी म्हणाले.

मी क्रमांक एकपासून सुरुवात केली: तक्रार, तारीख, आणि शेवटी तक्रारदाराचे नाव. आधी लोक हसले. शेळीच्या नोंदी अजून पुढे होत्या. क्रमांक सतरा असा होता: ‘पट्टी तेवीसच्या मालकाने पाहुण्यांना बरड दाखवताना माझ्या पट्टीतली झाडे स्वतःची म्हणून दाखवली. तक्रारदार: गहिनीनाथ.’

काकासाहेब हळूच उठला. “मी? ह्याच्या झाडांना माझी म्हनीन मी? निस्ती वाळकी काटकं!”

“वाळकी? आन् तुझ्या चरात कधी पानी थांबलं व्हतं का रं?”

“थांबत हुतं! तू वाट पाडलीस!”

“वाट तुज्या ट्रॅक्टरपाई पाडली! माझे दोन फुटाचे चर बुजवले म्या, तुज्या नैवेद्यापाई!”

“बुजव म्हनून मी आल्तो का पाया पडायला? उद्याच्या उद्या उकरून दे!”

“तू आधी तुझे उकर! मी टेप घिऊन येतो!”

मी पुढे वाचत राहिलो. कोणी ऐकत नव्हते, असे मला वाटले. पण नाव आले की तेवढी एक बाजू शांत व्हायची आणि मग जास्तच पेटायची. शेळीच्या दोन्ही नोंदींना तर पस्तीसवाला छत्रीच घेऊन चौतीसवाल्यावर धावला. आणि मी बासष्टाव्या तक्रारीपर्यंत आलो.

त्रेसष्टावी माझी होती.

पट्टी क्रमांक दोन राधाकृष्णची आहे, म्हणजे तो माझा उगवतीकडचा शेजारी. त्याचा राखणदार मी. नोकरीवरून गावी परत आल्यापासून रोज संध्याकाळी मी त्याच्या ओसरीवर चहा घेतो. आम्ही फारसे बोलत नाही. तो पेपर वाचतो, मी त्याने वाचलेले पान वाचतो. गावात मला मित्र म्हणता येईल असा तो एकच. तीन वर्षांत त्याच्याविरुद्ध मी चौदा तक्रारी नोंदवल्या होत्या. तोंडावर बोलायचे धाडस नव्हते आणि नियम माझेच होते. शिक्षा त्याने निमूट भोगली आणि तक्रारदार कोण असेल यावर माझ्याशीच चर्चा केली. त्याचा संशय तीन नंबरवाल्यावर होता. मी तो खोडला नव्हता.

दोन पाने एकदम उलटली असती, तर त्या गोंधळात कोणाला कळले नसते. मी पान अंगठ्याखाली धरलेही. मग पहिल्या रांगेत बसलेल्या झुंबरबाईंकडे माझी नजर गेली. त्या माझ्याचकडे बघत होत्या. त्यांचे कामच ते.

मी वाचले. ‘क्र. ६३. पट्टी दोनच्या मालकाने जुन्या झाडाची सीताफळे ठरल्या तारखेआधी तोडली व त्यांतली चार सचिवांना दिली. तक्रारदार: सचिव.’ (सीताफळे चार दिवसांनी पिकली आणि फार गोड निघाली. हे नोंदीत नाही.)

राधाकृष्णने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. “आण्णा,” तो म्हणाला, “पाच हुती.” मग टोपी घालून तो घरी गेला.

सभेचा अहवाल कायम झाला नाही. पण सोमवारी सकाळी सात वाजता बरडीवर सत्तेचाळीस कुदळी आणि सत्तेचाळीस टेप होते. प्रत्येक जण शेजाऱ्याकडून चर पुन्हा उकरून घेत होता आणि स्वतःचा उकरत होता तो केवळ मागे शेजारी उभा होता म्हणून. आठ दिवसांत एकोणीसही एकोपा मार्ग नाहीसे झाले. गहिनीनाथ आणि काकासाहेबाने बांध पुन्हा घातला. या वेळी दगडी, आणि दोघांनी आपापला वेगळा, शेजारी शेजारी. सहा शेळ्यांची वाटणी न्यायाने झाली. त्या आठवड्यात एक्केचाळीस तक्रारी आल्या. मी नवी वही घेतली, चारशे पानी.

परतीचा पाऊस नवव्या दिवशी लागला आणि सहा दिवस पडला. ओढ्याला पाणी आले नाही, इतके ते वर अडले. दसऱ्यापर्यंत झुंबरबाईंच्या विहिरीत वरून तिसऱ्या पायरीला पाणी लागले. चौथ्या दिवशी मुकादमाची गाडी आली. बिभीषणने त्याला बसवून चहा दिला आणि रस्त्यापर्यंत पोचवायला गेला. आरती कांद्याचे रोप टाकत होती. तिने मान वर केली नाही. झुंबरबाई मला म्हणाल्या, “लई चांगलं वाचलं आण्णा,” आणि मी बोरीला हात टेकून उभा होतो, त्याबद्दल समज दिली.

राधाकृष्णने समितीला अर्ज देऊन पट्टी क्रमांक एकवर जादा राखणदार म्हणून स्वतःची नेमणूक करून घेतली. अर्ज मीच मंजूर केला. संध्याकाळचा चहा बंद आहे. तो रोज सकाळी येतो, माझ्या बांधावर दगडावर बसतो, पेपर वाचतो आणि अधूनमधून माझ्याकडे बघतो. पेपर तिथेच ठेवून जातो. मी तो नंतर उचलतो. याची तक्रार त्याने अजून केलेली नाही, आणि मी ती चांगली खूण समजतो. अर्थात माझे अंदाज सहसा बरोबर नसतात.

आता या पद्धतीला बाहेरून मागणी येऊ लागली आहे. शेजारच्या दोन तालुक्यांतून, शहरांतल्या गृहसंस्थांतून, एका साहित्य मंडळाकडूनही. त्यांच्या सोयीसाठी समितीने अर्ज छापला आहे. तो एका पानाचा आहे: शेजाऱ्याचे नाव, त्याने काय करायला हवे, आणि ते तो का करणार नाही. ‘मी काय करणार’ हा रकाना पूर्वी होता. तो कोणी भरत नसल्याने आणि कागद महाग झाल्याने काढून टाकला.

हे वाचताना आपल्या मनात एक नाव आले असेल, आणि हा मजकूर त्या व्यक्तीने अवश्य वाचायला हवा, असेही वाटले असेल. तसे असल्यास अर्जासाठी पत्र पाठवण्याची घाई करू नये. आपल्या पत्त्यावरून मी यादी तपासली. त्यांनी तो गेल्या महिन्यातच मागवला होता. शेजाऱ्याच्या रकान्यात आपले नाव भरून तो परतही आला आहे. सात पुरवण्या जोडल्या आहेत, आणि अक्षर इतके सुवाच्य आहे, की मला मोठ्याने वाचायला काही अडचण येणार नाही.